महालात राहायचंय, पण किती रात्री? समजून घ्या राजस्थान-आग्रा सहलीतलं हॉटेलचं गणित

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, नवं लग्न झालं किंवा परदेशातला भाऊ बऱ्याच वर्षांनी घरी आला. निमित्त काहीही असो, 'एकदा तरी राजवाड्यात राहू या' ही इच्छा आता अनेक मध्यमवर्गीय घरांत बोलून दाखवली जाते. त्यासाठी वर्ष-दोन वर्षं पैसे बाजूला टाकले जातात. मग मोबाइलवर तलावातल्या पांढऱ्या महालाचं रील दिसतं आणि बुकिंग होऊन जातं.

गडबड होते ती पुढे. रोज एक शहर, रोज एक पंचतारांकित हॉटेल असा कार्यक्रम आखला जातो. दिवसभर किल्ले पाहून रात्री नऊला थकलेलं कुटुंब महालात पोहोचतं, जेवून झोपतं आणि सकाळी आठला बॅगा भरून निघतं. बिल मात्र पूर्ण रात्रीचं येतं.

उदयपूर, जोधपूर, जयपूर आणि आग्रा हा मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांचा सर्वांत लोकप्रिय 'शाही' मार्ग. त्याचंच उदाहरण घेऊन पाहू या की महागड्या हॉटेलांची सहल आखताना पैसा नेमका कुठे जातो आणि कुठे वाचतो.

'लक्झरी', 'पॅलेस', 'सेव्हन स्टार' या शब्दांना काही अर्थ आहे का?

काहींना आहे, काहींना नाही. भारतात हॉटेलांचं अधिकृत वर्गीकरण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते. त्यात एक ते पाच तारे आणि त्यावर 'फाइव्ह स्टार डिलक्स' अशी श्रेणी आहे. हे वर्गीकरण ऐच्छिक असतं आणि पाच वर्षांसाठी मिळतं. 'सेव्हन स्टार' नावाची श्रेणी या यादीत नाही. तो निव्वळ जाहिरातीचा शब्द आहे.

जुन्या वास्तूंसाठी 'हेरिटेज', 'हेरिटेज क्लासिक' आणि 'हेरिटेज ग्रँड' अशा वेगळ्या श्रेणी आहेत. त्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. म्हणजे हवेली, किल्ला किंवा राजवाडा खरोखर जुना आहे का, याचा एक सोपा पुरावा ही श्रेणी देते.

'पॅलेस' या शब्दावर मात्र असं कुठलंही बंधन नाही. नावात पॅलेस किंवा विलास असलेल्या अनेक वास्तू गेल्या २५-३० वर्षांत हॉटेल म्हणूनच बांधल्या गेल्या आहेत. जयपूरचं ओबेरॉय राजविलास १९९७ मधलं, आग्र्याचं अमरविलास २००१ मधलं आणि उदयपूरचं उदयविलास २००२ मधलं. यात फसवणूक काही नाही. ही देशातली नावाजलेली हॉटेलं आहेत. पण तुम्हाला राजघराण्याचा इतिहास अनुभवायचा असेल तर तो इथे मिळणार नाही. आधुनिक बाथरूम, लिफ्ट, सारख्या आकाराच्या खोल्या हव्या असतील तर नवी वास्तू जुन्या महालापेक्षा बहुतेक वेळा सोयीची ठरते.

मग खरे राजवाडे कोणते आणि ते हॉटेल कसे झाले?

उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास, म्हणजे आजचं ताज लेक पॅलेस, मेवाडचे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४० च्या दशकात बांधून घेतला. १९६० च्या दशकात तो हॉटेल झाला आणि १९७१ मध्ये ताज समूहाकडे चालवायला आला. १९८३ च्या 'ऑक्टोपसी' या बाँडपटात तो दिसला आणि जगभर पोहोचला.

जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्येच हॉटेल झाला होता. जोधपूरच्या उमेदभवनची गोष्ट वेगळी आहे. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंह यांनी त्याचं बांधकाम काढलं. १९२९ मध्ये पायाभरणी झाली आणि १९४३ मध्ये ३४७ खोल्यांचा हा महाल पूर्ण झाला. आज त्याच्या एका भागात राजघराणं राहतं, एका भागात हॉटेल आहे आणि एका भागात तिकीट काढून पाहता येणारं संग्रहालय.

संस्थानं विलीन झाल्यावर इतक्या मोठ्या वास्तू सांभाळणं राजघराण्यांना जड जाऊ लागलं. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि महाल चालवायचा तर त्याला स्वतःचं उत्पन्न हवं, ही गरज आणखी वाढली. पर्यटन हा त्यावरचा एक मार्ग ठरला.

हा इतिहास सहलीच्या नियोजनात का महत्त्वाचा? कारण हे महाल हॉटेल म्हणून बांधलेले नाहीत. एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांचा आकार, खिडकी आणि उजेड यांत मोठा फरक असू शकतो. सर्वांत स्वस्त खोली घेतली तर तलावाऐवजी आतल्या चौकाकडे तोंड असलेली खोलीही मिळू शकते. फोटो पाहून बुकिंग करताना तो फोटो कोणत्या श्रेणीच्या खोलीचा आहे, हे पाहणं म्हणूनच आवश्यक.

एका रात्रीचा खरा खर्च किती?

या हॉटेलांचे दर विमानाच्या तिकिटासारखे रोज बदलतात. हिवाळ्याच्या हंगामात नामांकित महालांतल्या एका रात्रीचा दर पाच आकडी असतो आणि नाताळ-नववर्षाच्या आसपास सहा आकडी होऊ शकतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ४०,००० रुपये हा दर धरू.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो. त्याच्यावरच्या खोलीवर १८ टक्के. म्हणजे ४०,००० च्या खोलीवर ७,२०० रुपये कर आणि एकूण ४७,२०० रुपये.

७,५०० ची ही रेषा लक्षात ठेवा. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते. ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांना. मूळ दरात फरक फक्त १०० रुपयांचा, पण खिशातून जाणारा फरक १,०९३ रुपयांचा. दोन खोल्या आणि पाच रात्री असतील तर हाच आकडा १०,९३० रुपये होतो. त्यामुळे साधं हॉटेल निवडताना ७,५०० च्या थोडं खाली थांबणं फायद्याचं. अनेक अॅपवर पहिल्या स्क्रीनवर दिसणारा दर कर सोडून असतो, तेव्हा शेवटच्या पानापर्यंत जाऊनच तुलना करा.

दुसरा खर्च जेवणाचा. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, तर महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. ६,००० रुपयांच्या जेवणावर बाहेर ३०० रुपये कर, हॉटेलात १,०८० रुपये. बुकिंग करताना सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं आणि ईपी म्हणजे फक्त खोली, हे चार पर्याय दिसतात. दिवसभर बाहेर फिरणार असाल तर एपी घेऊन उपयोग नाही. बेटावरच्या हॉटेलात मात्र रात्री जेवायला बाहेर पडायचं तर नावेने यावं-जावं लागतं. तिथे एमएपीचा दर विचारून पाहायला हरकत नाही.

'जागेपणीचे तास' म्हणजे काय?

खोलीचं भाडं रात्रीवर ठरतं, पण आपण पैसे मोजतो ते तिथे जागेपणी मिळणाऱ्या वेळेसाठी. झोपेत सगळ्या खोल्या सारख्याच. म्हणून प्रत्येक मुक्कामासाठी एक साधा भागाकार करून पाहा.

पहिला प्रकार: संध्याकाळी ७ ला पोहोचलात, सकाळी ८ ला निघालात. एकूण १३ तास. त्यातले ८ झोपेचे. उरले ५ तास. ४७,२०० भागिले ५, म्हणजे तासाला ९,४४० रुपये.

दुसरा प्रकार: त्याच हॉटेलात दोन रात्री. पहिल्या दिवशी दुपारी २ ला चेक-इन, तिसऱ्या दिवशी दुपारी १२ ला चेक-आउट. एकूण ४६ तास. झोपेचे १६ वजा, मधल्या दिवशी बाहेर फिरण्याचे ८ वजा. उरले २२ तास. ९४,४०० भागिले २२, म्हणजे तासाला सुमारे ४,२९१ रुपये.

हॉटेल तेच, दर तोच. पण एका तासाची किंमत निम्म्याहूनही कमी झाली. तेव्हा चार महागड्या हॉटेलांत एकेक रात्र काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन रात्री राहणं फायद्याचं. बाकीच्या रात्री चांगल्या, स्वच्छ, साध्या हॉटेलात काढता येतात. ज्या दिवशी किल्ला, बाजार, मंदिर असा भरगच्च कार्यक्रम आहे, त्या रात्री महागडी खोली घेऊ नका. ज्या दिवशी काहीच कार्यक्रम नाही, तो दिवस महालासाठी ठेवा.

याला एक अपवाद आहे. जिथे खिडकीतून दिसणारं दृश्य हेच हॉटेलचं मुख्य आकर्षण आहे आणि तुम्ही दुपारी दोनलाच पोहोचू शकता, तिथे एक रात्रही चालते. आग्र्यात हेच होतं. ते पुढे पाहू.

आठ रात्रींचा आराखडा कसा असावा?

मुंबईहून निघून दिल्लीमार्गे परत, असा नऊ दिवस आणि आठ रात्रींचा हा एक नमुना.

पहिला दिवस, उदयपूर: मुंबईहून उदयपूरला थेट विमानं आहेत आणि प्रवास दीड तासाच्या आसपासचा. महागड्या हॉटेलात सकाळी पोहोचून उपयोग नसतो, कारण चेक-इन साधारण दुपारी दोन किंवा तीनला. म्हणून पहिली रात्र तलावाकाठच्या एखाद्या साध्या हवेली-हॉटेलात. सामान ठेवून सिटी पॅलेस आणि जगदीश मंदिर पाहून घ्या.

दुसरा आणि तिसरा दिवस, उदयपूर: सकाळी बाजार, दुपारी दोनला महालात किंवा मोठ्या हॉटेलात मुक्काम हलवा. इथे दोन रात्री. तिसऱ्या दिवशी कार्यक्रम ठेवायचा नाही. साठवलेले पैसे याच दिवसासाठी होते.

चौथा दिवस, रणकपूरमार्गे जोधपूर: उदयपूर ते जोधपूर अंतर साधारण २५० किलोमीटर. वाटेत रणकपूरचं संगमरवरी जैन मंदिर आहे. ते पर्यटकांसाठी दुपारी १२ नंतर खुलं होतं, त्यामुळे सकाळी निवांत नाश्ता करून दहाच्या सुमारास निघालात तरी चालतं. रात्री जोधपूरच्या जुन्या शहरातली हवेली.

पाचवा दिवस, जोधपूर: मेहरानगड पाहायला अर्धा दिवस लागतो. दुपारी उमेदभवनचं संग्रहालय. तिथे राहत नसलात तरी महालाचा एक भाग तिकिटावर पाहता येतो. मुक्काम त्याच हवेलीत.

सहावा आणि सातवा दिवस, जयपूर: रेल्वेने किंवा रस्त्याने पाच-सहा तास. सातव्या दिवशी सकाळी लवकर आमेरचा किल्ला, दुपारी सिटी पॅलेस, जंतरमंतर आणि बाजार. दिवस भरगच्च असल्यामुळे दोन्ही रात्री साधं हॉटेल.

आठवा दिवस, आग्रा: सकाळी सातला निघा. जयपूर ते आग्रा सुमारे २४० किलोमीटर. वाटेत फत्तेपूर सिक्री पाहून दुपारी दोनला आग्र्यात. इथे एक रात्र ताजमहाल दिसणाऱ्या खोलीत. अमरविलास ताजमहालपासून ६०० मीटरवर आहे आणि त्याच्या सर्व खोल्यांतून ताज दिसतो. इतर हॉटेलांत 'ताज व्ह्यू' म्हणजे खोलीतून की फक्त गच्चीवरून, हे विचारून घ्या.

नववा दिवस, ताजमहाल आणि परत: ताजमहाल सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. तो पाहून परत नाश्ता, बाराला चेक-आउट आणि यमुना एक्स्प्रेस-वेने दिल्ली विमानतळ. संध्याकाळी आठच्या आधीचं विमान घेऊ नका.

आग्र्याच्या एका रात्रीचा भागाकार करा. दुपारी २ ते दुसऱ्या दिवशी १२ म्हणजे २२ तास. झोपेचे ८ आणि ताज पाहण्याचे ३ वजा. उरले ११. तासाला पुन्हा ४,२९१ रुपयेच. उशिरा पोहोचलात की मात्र हे गणित बिघडतं.

आता एकूण फरक. आठही रात्री ४०,००० च्या खोलीत काढल्या तर करासह ३,७७,६०० रुपये. वरच्या आराखड्यात तीन रात्री महागड्या, म्हणजे १,४१,६०० रुपये. पाच रात्री ७,००० रुपयांच्या खोलीत, ५ टक्के करासह ३६,७५० रुपये. एकूण १,७८,३५० रुपये. एका खोलीमागे १,९९,२५० रुपये वाचले. चार जणांच्या कुटुंबाला दोन खोल्या लागत असतील तर जवळपास चार लाख. महालात राहण्याची हौसही पूर्ण झाली.

शनिवारी निघालात तर पुढच्या रविवारी घरी येता आणि सुट्या फक्त पाचच लागतात. या आराखड्यात गुरुवारी निघू नका. तसं केलंत तर नववा दिवस शुक्रवार येतो आणि शुक्रवारी ताजमहाल बंद असतो.

कधी जावं आणि कधी टाळावं?

ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम, पण तो सगळा सारखा नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आग्रा आणि दिल्लीत दाट धुकं असतं. विमानं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, यमुना एक्स्प्रेस-वेवर वेगमर्यादा खाली आणली जाते आणि पहाटे ताजमहालच दिसत नाही. ताज दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे मोजून खिडकीबाहेर पांढरा पडदा पाहण्यात अर्थ नाही. याच काळात दरही सर्वांत चढे असतात. अनेक हॉटेलं किमान दोन-तीन रात्रींची अट घालतात आणि ३१ डिसेंबरच्या 'गाला डिनर'चे पैसे सक्तीने आकारतात.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा काळ या मार्गासाठी चांगला. फक्त उदयपूरला जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरचा विचार करा. पावसाने तलाव भरलेले असतात, अरवलीच्या टेकड्या हिरव्या होतात आणि दर हिवाळ्यापेक्षा खाली असतात. एप्रिल ते जूनमध्ये खोल्या स्वस्त मिळतात, पण जोधपूरला दुपारी बाहेर पाय ठेवणं कठीण. आई-बाबा सोबत असतील तर तो मोह टाळा.

आणखी एक गोष्ट म्हणजे लग्नं. तुळशीविवाहानंतर महाल-हॉटेलांत लग्नसराई सुरू होते. प्रियांका चोप्रा आणि निक जोनास यांचं लग्न २०१८ मध्ये उमेदभवनात झालं, परिणिती चोप्रा आणि राघव चढ्ढा यांचं २०२३ मध्ये उदयपूरच्या लीला पॅलेसमध्ये. लग्नासाठी हॉटेलचा मोठा भाग राखून ठेवला असेल तर इतर पाहुण्यांना रेस्टॉरंट, बाग किंवा पोहण्याचा तलाव पूर्ण वापरता येत नाही आणि रात्री उशिरापर्यंत तयारीचा गोंगाट सुरू असतो. 'आमच्या तारखांना मोठं लग्न आहे का?' हा प्रश्न बुकिंगपूर्वी ईमेलवर विचारा. उत्तर लेखी मिळालं की तक्रार करायला आधार राहतो.

बुकिंगपूर्वी हॉटेलला काय विचारावं?

• खोली नेमकी कुठल्या बाजूची? 'लेक व्ह्यू' पूर्ण की अर्धवट?

• खोलीपर्यंत लिफ्ट आहे का? किती पायऱ्या चढाव्या लागतात? लेक पॅलेसला फक्त नावेने जाता येतं. नावेत चढता-उतरताना गुडघ्याचा त्रास असलेल्यांना मदत मिळेल का?

• मुलांचं वय किती असेल तर जादा बेडचे पैसे लागतात? ती रक्कम करासह किती?

• जैन जेवण, उपासाचे पदार्थ किंवा कमी तिखट जेवण आधी सांगून मिळेल का?

• रद्द केल्यास शेवटची मोफत तारीख कोणती? 'नॉन-रिफंडेबल' दर स्वस्त दिसतो, पण घरात वयस्कर माणसं असतील किंवा रजा मंजूर झालेली नसेल तर तो घेऊ नका. गर्दीच्या हंगामात मोफत रद्द करण्याची मुदत बरीच आधी संपते.

• चालकासह गाडी घेतली असेल तर चालकाच्या राहण्याची सोय आहे का?

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी आणखी एक सूचना. परदेशी नागरिक राहायला आला की हॉटेलला २४ तासांत सरकारला कळवावं लागतं. त्यासाठी मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड सोबत ठेवायला सांगा. ताजमहालचं प्रवेश तिकीट भारतीयांना ५० रुपये आणि परदेशी नागरिकांना १,१०० रुपये आहे. मुख्य समाधीपर्यंत जायचं तर दोघांनाही आणखी २०० रुपये. राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेश शुल्कात ओसीआय कार्डधारकांना २०२१ च्या अधिसूचनेनुसार भारतीयांइतकाच दर लागतो. ते कार्ड घरी विसरलं तर माणशी हजार रुपयांचा फटका.

बिलात काय तपासावं?

चेक-आउटच्या आदल्या रात्रीच बिलाची प्रत मागा. सकाळी टॅक्सी दारात उभी असताना बिल नीट वाचून होत नाही. मिनीबार, कपडे धुणं, नावेची खास फेरी यांच्या नोंदी एकेक करून पाहा.

'सर्व्हिस चार्ज' ही ओळ दिसली तर थांबा. हॉटेल किंवा रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये जाहीर केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. ही रक्कम काढायला तुम्ही सांगू शकता. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. चांगल्या सेवेबद्दल टिप द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

स्वस्त डील दिसली तर?

नामांकित हॉटेलांच्या नावाने बनावट वेबसाइट आणि सोशल मीडियावरची खोटी पानं तयार करून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२५ मध्ये पर्यटक आणि यात्रेकरूंना अशा बुकिंगबाबत सावध केलं होतं.

सर्च करताच पहिला दिसलेला फोन नंबर लावू नका. हॉटेल समूहाच्या अधिकृत साइटवरचाच नंबर वापरा. एखाद्या व्यक्तीच्या नावावर किंवा तिच्या यूपीआय आयडीवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. एजंटकडून बुकिंग केलं असेल तर कन्फर्मेशन क्रमांक मागून घ्या आणि स्वतः हॉटेलला फोन करून तुमच्या नावाने, त्याच खोलीचं, नाश्त्यासह बुकिंग आहे का, हे पडताळा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

इतकं बजेट नसेल तर महाल पाहताच येणार नाही का?

येतो. उमेदभवनचं संग्रहालय आणि उदयपूर-जयपूरचे सिटी पॅलेस तिकीट काढून पाहता येतात. अनेक महाल-हॉटेलांत आधी टेबल राखून ठेवलं तर राहत नसतानाही जेवायला किंवा दुपारच्या चहाला जाता येतं. काही ठिकाणी त्यासाठी किमान खर्चाची अट असते, ती फोनवर विचारा. लेक पॅलेससारख्या बेटावरच्या हॉटेलात मात्र बाहेरच्यांना सहसा प्रवेश मिळत नाही. तो तलावातल्या नावेतून पाहायचा.

आणि राजस्थान लांब पडत असेल तर मुंबईतच गेट वेसमोरचं ताज आहे. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं, गेट वे ऑफ इंडिया पूर्ण होण्याच्या २१ वर्षं आधी. विमानाचं तिकीट नाही, धुकं नाही, प्रवासाचा थकवा नाही. आई-बाबांसाठी दुपारी दोनला चेक-इन आणि दुसऱ्या दिवशी बाराला चेक-आउट असा मुक्काम ठरवला आणि मधला सगळा वेळ हॉटेलातच घालवला, तर २२ तासांतले झोपेचे ८ वगळून १४ तास मिळतात. वरच्या दोन रात्रींच्या किंवा आग्र्याच्या हिशेबापेक्षाही तासाचा खर्च कमी पडतो.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

• आधी दिवसांचा कार्यक्रम लिहा, मग हॉटेल निवडा. महागड्या रात्री रिकाम्या दिवसांना जोडा.

• सहलीत महागड्या हॉटेलाचे दोनच थांबे ठेवा. शक्यतो दोन रात्री एकाच ठिकाणी.

• साध्या हॉटेलचा दर ७,५०० च्या आत ठेवा. दराची तुलना नेहमी करासह करा.

• आग्र्याची सकाळ शुक्रवारी आणि धुक्याच्या दिवसांत नको.

• खोलीची बाजू, पायऱ्या, लग्न आणि रद्द करण्याची तारीख या चार गोष्टी ईमेलवर लेखी घ्या.

• पैसे भरल्यावर हॉटेलला स्वतः फोन करून बुकिंग पडताळा.